पल्लवीनं चौतीस वेळा बाहेर पाह्यलं

हसायचं असन त आत्ताच हसून घ्या बाप्पा, कारण त्या दिवशी मले तोंड लपवायलेही जागा उरली नव्हती!

झालं असं, मोताळ्याले आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथं साहेबांनी सांगलं, "मूल आळशी आहे, खोडकर आहे, असं मोघम लिहायचं नाही. एकच वर्तन निवडा, त्याची पक्की व्याख्या करा आणि मोजा!"

अठरा वर्षं मास्तरकी केली, पन हे कोनी सांगलंच नव्हतं. मी त पेटलोच!

माझा वर्ग पाचवी अ. सोमवारी नवी कोरी वही काढली. वर्तन निवडलं, लक्ष नसणे. व्याख्या केली, मान वळवून खिडकीबाहेर पाहणे. आता मोजायचं कोनाचं? पल्लवीचं! पोट्टी खिडकीशीच बसे. हुशार म्हणून तिले शिष्यवृत्तीच्या जादा वर्गात घेतलं होतं, अन् तिच्या हुशारीवर मले आधीपासूनच शंका होती.

सोमवारी तिनं अकरा वेळा बाहेर पाह्यलं. मंगळवारी एकोणीस. बुधवारी किती? चौतीस! रेघा मारता मारता पेनातली शाई सरली हो! शिकवायले फुरसत कोनाले होती? मी खुर्चीवर टपून बसलेलो. बाकीच्या पोट्ट्यांले सांगलं, "मनातल्या मनात वाचा बे!" कोनी काही विचारलं की मी खेकसे, "चूप! माझी एक रेघ हुकली!"

मधल्या सुटीत पाचवी ब च्या वानखडे मॅडम म्हणे, "सर, तीन दिवस झाले, तुमच्या वर्गातून आवाजच नाही. तब्येत बरी आहे ना?"

"मॅडम, शास्त्रीय काम चालू आहे. तुमी आपलं शिकवा!"

असा ताठा! मंग आलेख काढला. रेघ निस्ती वर वर. ठरवलं, हिचं नाव जादा वर्गातून काढायचं. गुरुवारी तिच्या बापाले, सुखदेवभाऊंले, बोलावलं. नेमके केंद्रप्रमुखही शाळा पाहाले आलेले. म्हटलं, चला, शाबासकी आपल्या घरी चालत आली! दोघांले वर्गात नेलं अन् वही उघडली.

सुखदेवभाऊ वावरातून तसेच उठून आलेले. आलेख पाहून घाबरलेच. "सर, नाव नका काढू हो. शिष्यवृत्तीपर्यंत पोचनारी आमच्या घरात हे पयलीच पोट्टी आहे." मंग तिच्याकडं वळले. "काऊन व पल्लवे, बाहीर काय पाहून राह्यली तू?"

पोट्टीच्या डोळ्यात पानी. खरं सांगतो, मलेही कसंतरीच झालं. पन आकडा म्हणजे आकडा! मी काही ढिला पडलो नाही.

केंद्रप्रमुख म्हणाले, "बाळ, तुझी गणिताची वही आण बरं."

वही उघडली. अपूर्णांकाची गणितं! एक पान नाही, तीन दिवसांची पानंच्या पानं. अन् सगळी बरोबर.

"हे कोणी शिकवलं तुला?"

पल्लवीनं खिडकीबाहेर बोट केलं. आमची शाळा काटकोनात बांधलेली. खिडकीसमोरच पाचवी ब चं दार, दारातून वानखडे मॅडमचा फळा, अन् फळ्यावर तेच अपूर्णांक.

"मॅडम रोज जास्त गणितं देतात," पोट्टी नाक पुसत म्हणाली. "एक ओळ पाह्यची, एक लिहायची. म्हणून सारखं पाहा लागते."

"अगं, मग तुमच्या सरांचा फळा?"

सगळ्या वर्गानं फळ्याकडं पाह्यलं, म्हणून मीही मान वळवली. तीन दिवसांत पह्यल्यांदाच हो! फळ्यावर एकच शब्द होता. सोमवार.

पोट्टे असे खिदळले का काय सांगू! सुखदेवभाऊंनी टोपी तोंडाशी धरली, पन खांदे हलून राह्यलते.

केंद्रप्रमुख मात्र हसले नाहीत. त्यांनी माझीच वही घेतली अन् माझ्याच आलेखाखाली लाल पेननं शेरा लिहिला: "विद्यार्थिनीचे नाव कायम ठेवावे. वर्गशिक्षकांनाही खिडकीजवळ बसवावे."