काटेवाल्या काकांचा समुद्र

आमच्या काटेवाल्या काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि तरीही आख्ख्या आष्टी तालुक्यात घरात समुद्र बाळगणारे तेच एक गृहस्थ होते. तोही अशा वर्षी, जेव्हा आमच्या कडा गावात पाहुण्याला आधी बसायला सांगायचे आणि मग तहान लागली आहे का हे जरा जपूनच विचारायचे. मी जन्मात बरेच छांदिष्ट लोक पाहिले. कुणी काड्यापेट्या जमवतो, कुणी कबुतरं पाळतो. पण दर आठ दिवसांनी टँकर येणाऱ्या गावात एक अख्खी खोली अथांग पाण्याखाली घालणारा माणूस एकच.

काका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. उसाची गाडी आली की भरलेलं वजन, रिकामी होऊन निघाली की रिकामं वजन, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं आणि त्यामुळे माणसांकडेही ते गाडी म्हणूनच बघत. मी हायस्कुलात भूगोल शिकवायला म्हणून कड्याला आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच सकाळी त्यांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बासष्ट. सर, त्या खानावळीचं जेवण बंद करा." मी चिडून दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो, तर बासष्टच. एका लग्नात नवरदेव घोड्यावर चढायला लागला, तेव्हा काकांनी गर्दीतून ओरडून सांगितलं, "घोडं बदला बे, हे न्हाई टिकायचं!" लोक हसले. वरात मारुतीच्या देवळापर्यंत पोचली आणि घोडं खाली बसलं. नवरदेव पुढे चालत गेला. आणि हा माणूस पक्का खरा. सख्ख्या मेव्हण्याची गाडी काट्यावर आली तरी किलोचा फरक करायचा नाही. मेव्हण्याने बोलणं सोडलं, तर काका म्हणाले, "सोडू द्या. काटा खरं बोलतोय तंवर मला बोलायला मानूस लागत न्हाई."

मग पाऊस सलग दोन वर्षं फिरकलाच नाही. ऊस नाही म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. काका मात्र रोज सकाळी वेळेवर जात, काट्याचं ऑफिस उघडत, फडक्याने सगळं पुसत आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या रस्त्याकडे बघत बसत. असे चार-पाच महिने गेल्यावर एके दिवशी ते साखरेची फाटकी पोती खांद्यावर टाकून घरी आले, नवी खोली उघडली आणि आतून कडी लावली.

ही नवी खोली म्हणजे काकूंचा जीव. मुलाच्या लग्नासाठी म्हणून ती बांधलेली. मुलगा आष्टीला औषधांच्या दुकानात कामाला, स्वभावाने गरीब, दिसायला बरा. पण तीन स्थळं आली आणि तिन्ही एकाच कारणाने परत गेली. पोरीकडचे लोक अंगणात येत, पाण्याची रिकामी टिपाडं बघत आणि चहा न संपवताच उठत. पाणी नसलेल्या गावात पोरगी द्यायची कुणी? काकूंना रात्रंदिवस तोच एक घोर होता, आणि त्याच खोलीत काका तळघरातल्या भुतासारखे ठोकाठोकी करत होते.

आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. शिडीवरूनच विचारलं, "सर, तुमी समुद्र बघितलाय न्हवं?" बघितला होता. सहलीबरोबर गेलो होतो आणि अर्धा दिवस वाळूत बसून पोरांच्या चपला राखल्या होत्या. पण काकांच्या लेखी मी तज्ज्ञ ठरलो. त्या दिवसापासून माझी रोज संध्याकाळी उलटतपासणी सुरू झाली. समुद्राच्या तळाला काळी माती का मुरूम? गाळ कोण काढतं? सांडवा कोणत्या बाजूला आहे? सांडवाच नाही म्हटल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि काळजीने म्हणाले, "मग जास्त पानी आलं तर सोडत्यात कुठं?" मी भूगोलाचा पदवीधर, मला या प्रश्नाचं उत्तर आजही नीट देता येत नाही.

खोली हळूहळू भरत गेली. छताला निळी ताडपत्री झोळदार बांधून लाटा केल्या. खिडकीला निळा जिलेटीन कागद लावला, त्यामुळे दुपारी आत गेलं की स्वतःचा हातसुद्धा बुडाल्यासारखा दिसे. कपाशी जळून गेलेल्या रानातल्या पऱ्हाट्या उपटून, गेरूने रंगवून त्यांनी पोवळ्यांचं रान उभं केलं. पालथ्या घमेल्याचं कासव झालं. सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून ठोकून माशांचे खवले झाले. खळ करायला पाणी मिळेना, कारण काकूंनी माठावर पहारा ठेवला होता. तेव्हा ते भाताची पेज मागून आणू लागले. पंक्चरवाल्या चाचांकडून ट्यूब आणून त्यांनी अष्टपाद केला, त्याला दहा पाय निघाले. मी हरकत घेतली तर म्हणाले, "दोन ट्यूबा उरल्या व्हत्या. चाचानं एवढ्या प्रेमानं दिल्या, त्या टाकून कशाला द्यायच्या?" बांबू आणि पोती यांचा देवमासा तर त्यांनी बैलगाडीवर घालून कारखान्यावर नेला, वजन करायला. काटा हलला नाही. गाडीचं वजन माशासकट तेवढंच. परत येताना ते फार विचारात होते. "एवढं मोठं जनावर, आन वजनाला काईच न्हाई," ते म्हणाले, "आपल्या चेअरमनवानी."

चेअरमनवरून आठवलं. समुद्राच्या तळाशी राजाचा दरबार असतो असं मी कधीतरी बोलून गेलो. काकांनी लगेच विचारलं, "निवडून आलेला का वारशानं?" वारशाने आलेला राजा त्यांना पसंत नव्हता. त्यांनी सतरा आसनांचं संचालक मंडळ बसवलं. मधे चेअरमन म्हणून देवमासा, शेजारी व्हाइस चेअरमन कासव, कारण "ते सगळ्यांत सावकाश हाय, कामकाजाला बरं." दोन मासोळ्या महिला राखीव जागांवर. खेकड्याला त्यांनी दाराजवळ वेगळं बसवलं होतं. हा कोण, असं विचारल्यावर उत्तर आलं, "विरोधी गट. तिरकाच चालतोय."

मी हसायचो, पण मला राहवत नसे. रोज निघताना विचारायचो, काका, समुद्रच का? ते कधी म्हणत, "कावून म्हणजे? हौस." कधी म्हणत, "उन्हाचं गार वाटतंय." एकदाच, शंखाला चुना लावता लावता, माझ्याकडे न बघता बोलले. "जलमभर गाडी आली की वजन, गाडी गेली की वजन. दोन वर्सं झाली, काट्यावर काईच येत न्हाई. म्हणलं एक तरी चीज अशी करावी, जी मापायला काटाच पुरनार न्हाई." मग जरा वेळाने, "आन पानी बघावंसं वाटतंय ओ, सर. लई दिवस झाले." मला त्या क्षणी या माणसाबद्दल फार माया वाटली. मी उगाच एक पऱ्हाटी सरळ केली आणि घरी आलो.

काकूंना मात्र यातलं काही मान्य नव्हतं. "प्यायला घोटभर न्हाई, आन ह्यांनी समुद्र आनलाय घरात," असं त्या भिंतीला ऐकवत. त्यात चौथं स्थळ आलं. गोदाकाठचं, तिकडे नदीला गंगाच म्हणतात. मुलगी बारावी शिकलेली, मुलाला पसंत. आता पोरीकडचे घर बघायला येणार होते. काकूंनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मला बजावलं, "सर, आज समुद्राचा शबुद काढायचा न्हाई."

पाहुणे आले. मुलीचे वडील आणि तिची आत्या. वडिलांनी अंगणातली टिपाडं बघितली आणि सरळ विचारलं, पाण्याचं कसं? काकूंनी डोळ्यांनी विनवलं, मीही खाकरलो, पण काका भरल्या गाडीचं वजन सांगावं तसे बोलले, "आठ दिवसाला टँकर. उन्हाळ्यात तेबी नक्की न्हाई." वडिलांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, हेही गेलं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "पोरीची खोली तर दावा." काकूंचा हात कमरेवरून हलेना. शेवटी काकांनीच किल्ली मागून घेतली आणि कुलूप काढलं.

आत्याबाई उंबऱ्यात थबकल्या. दुपारचं ऊन खिडकीतून निळं होऊन आत पसरलं होतं.  त्यांनी चपला बाजूला काढल्या, दोन्ही हातांनी लुगड्याचा काठ घोट्यांच्या वर उचलला आणि पाय जपून आत टाकला. दोन पावलं गेल्यावर त्यांना स्वतःचंच ध्यान आलं. काठ सोडून त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "आमची गंगा बी दोन वर्सं कोरडी हाय, बाई. पाय सवयीनं उचलला." मुलीचे वडील मागे उभे राहून घड्याळ बघत होते. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "हे सगळं निघल न्हवं, लग्नापोतर?"

"निघल की," काका म्हणाले.

आठ दिवसांनी होकार आला. काकूंनी गावभर गूळ वाटला. आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी शिडी लावली. मी मदतीला गेलो. ते खिळे काढत, मोजत, डब्यात टाकत होते. पोवळ्यांचं रान लग्नाच्या चुलाणात जळलं आणि त्यावर लापशी शिजली. ट्यूबा चाचांकडे परत गेल्या. निळी ताडपत्री मांडवावर चढली. सगळं वऱ्हाड तिच्या सावलीत बसून जेवलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. खोलीला पांढरा चुना दिला. काकांनी आत पाऊल टाकून पाहिलं आणि म्हणाले, "चांगली ऐसपैस झाली."

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर काकांबरोबर बसलो होतो. सूनबाई चहा घेऊन आली. कप ठेवून ती आत गेली नाही. पदर सावरत, खालच्या मानेने, पण स्पष्ट म्हणाली, "मामा, एक इचारू का? आमची आत्या म्हनली व्हती, ह्या घरात समुद्र हाय. वडील नको म्हनत व्हते, टँकरच्या गावात कशाला द्यायची म्हनून. पर आत्या रोज त्येच सांगत ऱ्हायली. मी मग हटूनच बसले, तिथंच जायाचं. तीन दिस झाले, सगळं घर बघितलं. कुठंय?"

शेजारी धान्य पाखडणाऱ्या काकूंच्या हातातलं सूप थांबलं. मी काकांकडे बघितलं. सख्ख्या मेव्हण्याला किलोची सवलत न देणारा तो माणूस, ज्याने पाहुण्यांपुढे सोयरीक मोडेल तरी टँकरचा हिशेब खरा सांगितला, त्याने कप उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि घसा खाकरून म्हणाला, "हाय की. दुरुस्तीला काढलाय. बसवू पुन्ना."

"मला बी घ्या मदतीला," ती म्हणाली आणि आत गेली.

काका चहाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.  पुढच्या महिन्यात माझी बदली बीडला झाली. त्यानंतर पाऊस बरा झाला, कारखाना पेटला, असं कानावर आलं. म्हणजे काका पुन्हा काट्यावर गेले असणार, त्यांना सवड राहिली नसणार. कड्याची एसटी बीडच्या स्टँडवरून रोज सुटते. अनेकदा वाटतं, जावं, बघून यावं, त्यांनी समुद्र पुन्हा बसवला की नाही. एवढ्या वर्षांत मी गेलो नाही. न जाता मला खात्री आहे, की सासरा शिडीवर आहे, सून खालून खिळे देते आहे, आणि ती खात्री मोडायला माझे पाय गाडीत चढत नाहीत.