अर्ध्या टाकीत घाट

टॅक्सीच्या थांब्यावर तिला सगळे शिंपीणबाई म्हणत. चिडवायला नव्हे, सवयीनं. गाडीचं चाक हाती धरण्याआधी तिनं अर्धं आयुष्य शिवणयंत्रावर काढलं होतं. नवऱ्याच्या बरोबरीनं दुकानात बसून कपडे शिवले. पुढे तयार कपड्यांचा बाजार असा वाढला की दुकानात नुसतं उसवणं आणि आखूड करणं उरलं. तेवढ्या कामाला एक माणूस पुरे. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दुकान बघा, मी बाहेर पडते." आणि पडलीच. चाळिशी उलटल्यावर लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं विचारलं, "आधी काय चालवलंय?" ही म्हणाली, "शिवणयंत्र. पाय त्यावरच तयार झालाय."

त्यात खोटं काही नव्हतं. पायट्यावर जोर दिला की यंत्र उधळतं, टाका चुकतो, कापड गोळा होतं. पाय नुसता टेकवायचा आणि अंगातून हळूच चालवायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं. अॅक्सिलरेटरवरही तिचा पाय तसाच पडायचा. तिच्या टॅक्सीत बसलेल्या माणसाला गाडी कधी निघाली आणि कधी थांबली, ते खिडकीबाहेर बघितलं तरच कळायचं.

तिचा दादा म्हणजे दुसरं टोक. तोही त्याच थांब्यावर टॅक्सी चालवायचा, पण त्याआधी त्यानं डोंगरातले ट्रक हाणले होते. गाडी चालवणं म्हणजे गाडीला आपण कोण आहोत ते दाखवणं, असा त्याचा खाक्या. टॅक्सीवाल्यांच्या संघानं नव्या ऑटोमॅटिक गाड्या घेतल्या, तेव्हा गिअरच्या दांड्याजवळ एक बटण आलं. दाबलं की पेट्रोल वाचवणारं इको, पुन्हा दाबलं की नॉर्मल, आणखी दाबलं की सुसाट पळवणारं स्पोर्ट. दादानं पहिल्याच दिवशी स्पोर्ट लावलं आणि ते काही काढलं नाही.

"इकोमध्ये गाडी ताप आल्यासारखी चालते," तो थांब्यावर सगळ्यांना ऐकवायचा. "पाय दाबला की आधी विचार करते, मग निघते."

"तुझ्याऐवजी कुणीतरी विचार करायला हवाच ना," शिंपीणबाई म्हणायची, आणि थांबा खो-खो हसायचा.

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. बहीणभावाचं हे भांडण रोजचंच. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, दादाच्या टाकीतल्या पेट्रोलाखेरीज.

आणि एके दिवशी पेट्रोलच संपलं. त्याचं नव्हे, सगळ्या शहरातलं. शहराला बाहेरच्या रस्त्याशी जोडणारा मोठा पूल खचला. छोट्या गाड्या एका कडेनं सोडत होते, पण जड वाहनं लांबच्या नाक्यावरच रोखली, टँकरही तिथेच अडकले. बघता बघता पुलाच्या दोन्ही बाजूंच्या पंपांवर पाट्या लागल्या, पेट्रोल नाही. थांब्यावरच्या निम्म्या टॅक्सी कापड टाकून झाकल्या गेल्या.

नेमक्या त्याच आठवड्यात वहिनी पडली. दादाची बायको, घाटावरच्या गावात लेकीकडे गेली होती. न्हाणीघरात पाय सरकला आणि नडगीचं हाड मोडलं. तिथल्या छोट्या दवाखान्यात कच्चं प्लास्टर घातलं आणि सांगितलं, सळी घालावी लागेल, ती शस्त्रक्रिया इथे होत नाही, शहरातल्या इस्पितळात परवा सकाळची वेळ मिळाली आहे, उद्या घेऊन जा. तिथे रुग्णवाहिका एकच, आणि तिच्यातलं उरलंसुरलं पेट्रोल जिवावरच्या दुखण्यासाठी राखून ठेवलेलं.

दादा पहाटेच बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता.

"माझी टाकी खडखडाट आहे," तो म्हणाला. "तुझ्यात किती आहे?"

"अर्ध्याच्या थोडं वर."

दादा पायरीवर मटकन बसला. "मग झालंच. वर जाऊन यायला मला भरली टाकी लागते."

"तुला लागते," शिंपीणबाई केस बांधत म्हणाली. "ऊठ. जाऊन येऊ आपण."

"चालवणार मी."

"गाडी माझी, पायही माझाच. बसायचं तर शेजारी बस."

एरवी दादानं आभाळ डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तो मुकाट उठला.

निघण्याआधी तिनं गाडीच्या टपावरचं सामान बांधायचं स्टँड खोलून खाली उतरवलं. "वारा अडतो याला," ती म्हणाली. डिकीतले दोरखंड, जुनी चटई, पाण्याचे कॅन सगळं बाहेर काढलं. नवरा हवा भरायचा पंप घेऊन आला आणि गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीत लिहिली होती तेवढी हवा चारही चाकांत भरली. दादा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. त्याला वाटत होतं, हिनं गाडी काढून सुसाट सुटावं. सगळं झाल्यावर मगच तिनं गाडी चालू केली, आणि चालू केल्याबरोबर निघाली. उभ्या गाडीला उगाच गरम करत बसणं तिला मान्य नव्हतं.

इकोचं बटण दाबलेलं. शहरातल्या रस्त्यांवर दादाचा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर सारखा दाबला जात होता. पुढचा सिग्नल अजून लांब, लाल झालेला, आणि हिनं पाय काढून घेतला.

"अगं, मध्ये केवढी जागा आहे! दाब की!"

"दाबून काय करू? तिथे जाऊन थांबायचंच आहे." गाडी आपल्या वेगानं ओघळत गेली. सिग्नलपाशी पोचेपर्यंत हिरवा झाला आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावताच ती पुढे निघाली. "ब्रेक दाबला म्हणजे जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतलं असं समज, दादा. मी फक्त लांबचं बघते, बाकी काही नाही."

खचलेला पूल कडेनं ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तिनं एक वेग धरला आणि सोडला नाही. मागून गाड्या आल्या, भोंगे वाजवून पुढे गेल्या. दादानं उकडतंय म्हणून काच खाली केली. तिनं वर केली. "या वेगाला वारा आत शिरला की गाडीला ओढून धरतो. एसी बारीक लावते." दादानं एक सुस्कारा सोडला आणि मीटरकडे बघणं सुरू केलं. तिथे गाडीचं अॅव्हरेज दिसत होतं. त्याच्या गाडीत तो आकडा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. पाहिला असता तरी एवढा मोठा दिसला नसता.

घाट लागला तसं मात्र चित्र पालटलं. पहिली दोन वळणं बरी गेली. पुढे चढ उभा झाला आणि गाडी कण्हायला लागली. इको मोड काही खालचा गिअर घेईना. शिंपीणबाईचा पाय आपोआप खोल जायला लागला. गाडी तरी रडतखडतच चालली होती, आणि अॅव्हरेजचा आकडा भराभरा उतरत होता. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. सवयीनं ती पाय आणखी हलका करायला गेली, तर गाडी थांबायच्या बेताला आली.

"आता माझं ऐकशील?" दादा म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. "चढाला गाडीचा गळा दाबून चालत नाही. इको काढ. खालच्या गिअरमध्ये तिला मोकळा श्वास घेऊ दे. वळणाच्या आधी थोडा जोर घे, मग तोच जोर वर नेतो. आणि आता काचा उघड, एसी बंद कर."

तिनं बटण दाबून नॉर्मल लावलं. गाडीनं खालचा गिअर धरला आणि इंजिनाचा आवाज बदलला, कण्हणं जाऊन घुमायला लागलं. तेवढ्याच चढाला आता पाय निम्माच लागत होता. उतरणारा आकडा जागच्या जागी थांबला.

"हे तुझं शंभर टक्के खरं, दादा," ती म्हणाली.

"मग? घाटात केस पांढरे केलेत," दादा म्हणाला, आणि घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकून बसला. वरपर्यंत तो सांगत गेला आणि ती चालवत गेली. कुठलं वळण फसवं, कुठे रस्ता क्षणभर सपाट होतो, सगळं त्याला पाठ होतं. पोचले तेव्हा पेट्रोलचा काटा तळाच्या वर होता, पण जेमतेम.

वहिनीला लेकीनं आणि शेजाऱ्यांनी उचलून मागच्या सीटवर बसवलं. पाय सीटवर लांब, खाली उशा, पाठीलाही उशी, वरून पट्टा. वेदनेनं तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दवाखान्यातून घरी आणताना प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळली होती, असं लेकीनं हळूच सांगितलं.

"वन्सं, जपून हं," वहिनी एवढंच म्हणाली.

उतार लागताच दादानं गिअरच्या दांड्याकडे हात नेला. "न्यूट्रल कर. फुकटात उतरू."

तिनं त्याचा हात अलगद बाजूला केला. "ते तुझ्या जुन्या ट्रकचं, तेही धोक्याचंच. या गाडीत न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल बंद. शिवाय गाडी आवरलेली राहते, ब्रेक तापत नाहीत. बघ."

तिनं पाय काढला. मीटरवरचा पेट्रोल किती जातंय ते दाखवणारा पट्टा शून्यावर गेला आणि तिथेच राहिला. दादा त्या शून्याकडे बघतच राहिला. वळणामागून वळण गाडी आपल्या मापात उतरत होती, ना हिसका ना धक्का. मागे वहिनीचं विव्हळणं आधी बारीक झालं, मग थांबलं. दादानं घाबरून मान वळवली. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात उशीवर.

सपाटीला आले आणि पेट्रोलचा दिवा पेटला. लाल, ठसठशीत. "अजून केवढं तरी जायचंय," दादा म्हणाला.

"पोचू," शिंपीणबाई म्हणाली, आणि वेग थोडासा कमी केला. तिचा आवाज चांगला ठाम होता.

पुलापाशी गाड्यांची रांग होती. तिनं इंजिन बंद केलं. त्या शांततेत वहिनीला जाग आली.

"आलं का घर?"

"पूल आलाय. झोप तू," दादा म्हणाला.

"झोप लागली होती खरंच," वहिनीला स्वतःचंच नवल वाटलं. "अहो, एवढ्या वर्षांत तुमच्या गाडीत मी कधी डोळा मिटला नाही. दाराची कडी धरूनच बसते."

ती सहज बोलून गेली आणि पुन्हा पेंगली. असं चालवलं की पेट्रोल वाचतं, हे बहिणीनं दादाला हजारदा सांगितलं होतं, त्यानं हजारदा उडवून लावलं होतं. हे मात्र वर्मी बसलं.

रांग सरकायच्या आत शिंपीणबाईनं दार उघडलं आणि ती खाली उतरली. "माझे डोळे चुरचुरताहेत. पुढचं तू चालव."

"मी? दिवा लागलाय, दिसत नाही का? मध्येच संपलं तर माझ्या माथी!"

"मागे कोण झोपलंय ते बघ, आणि चालव. तुला येतं."

दादा स्टेअरिंगवर बसला. इकोचं बटण त्यानं स्वतःच दाबलं. त्यानंतर त्यानं जी गाडी चालवली, ती त्याच्या ट्रकच्या दिवसांतल्या सोबत्यांनी पाहिली असती तर त्याला ओळखलं नसतं. लांबूनच सिग्नल हेरायचा. पाय आधीच काढायचा. समोर कुणी आडवं घुसलं तर तोंडात येणारी शिवी गिळायची. शिंपीणबाई शेजारी बसून एक अक्षर बोलली नाही. बोलायची गरजच पडली नाही.

इस्पितळाच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा वहिनीला हलवून जागं करावं लागलं. दिवा पेटलेलाच होता, पण इंजिन चालू होतं. दादानं ते स्वतः बंद केलं आणि उतरून मागचं दार उघडलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. टँकर आले, पंप सुरू झाले, टॅक्सींवरची कापडं निघाली. थांब्यावर दादानं ती हकिगत इतक्यांदा सांगितली की तिच्यात घाट दरवेळी उंच होत गेला आणि सांगणाऱ्याचा वाटाही मोठा. शिंपीणबाई हसून ऐकायची. दादा काही एका दिवसात संत झाला नाही. मोकळा रस्ता दिसला की त्याचा अंगठा अजून त्या बटणाकडे वळतो. पण गाडीत कुणी बसलेलं असलं की वळत नाही.

संघानं मग शिंपीणबाईला नव्या चालकांना शिकवायला सांगितलं. तिनं अट घातली, "डोंगराचा भाग दादा शिकवेल, बाकीचा मी." ती नव्या माणसाला आधी स्टेअरिंगवर बसवतच नाही. मागच्या सीटवर बसवते, डोळे मिटायला लावते आणि स्वतः शहरात एक फेरी मारते. मग विचारते, "किती वेळा थांबलो?" बरोबर उत्तर सहसा कुणाला देता येत नाही.

"आता पुढे ये," ती म्हणते, आणि किल्ली त्याच्या हातात देते.