बूटमावशीची वसुली

तळघराच्या पायऱ्या उतरल्या की आधी नाकात रबराचा आणि ताडपत्रीचा वास शिरायचा, मग मावशी दिसायची. परदेशात मदतीला माणसं पाठवणारी ती संस्था. कुणी विहीर खणायला जाई, कुणी शिकवायला, कुणी सुया टोचायला. जाणाऱ्याला बूट, मच्छरदाणी, टॉर्च द्यायचा आणि आल्यावर मोजून परत घ्यायचा, हे मावशीचं काम. सव्वीस वर्षं केलं. स्वतः कधी विमानात पाय ठेवला नाही. माणूस मात्र तोंडावरून नाही, पायावरून लक्षात ठेवायची. सगळे तिला बूटमावशीच म्हणत.

परत आलेल्या माणसाचे हाल कुत्रं खात नाही. घरी पहिल्या दिवशी सगळे भोवती बसतात, दुसऱ्या दिवशी जांभया देतात, तिसऱ्या दिवशी बायको म्हणते, "पुरे तुमची ती नदी, नळ गळतोय, तेवढं बघा." मग तो गडी सामान जमा करायला तळघरात यायचा आणि खोक्यावर बसून भडाभडा बोलायचा. मावशी तंबूच्या खुंट्या मोजत "हं, मग?" म्हणायची. वस्तू कमी भरली तर ओरडायची, पण नोंदवहीत 'गहाळ' असं तिनं कधी लिहिलं नाही. 'टॉर्च, सुईणीला दिला.' 'रेनकोट, नावाड्याच्या पोरीला.' असं लिहायची.

त्या वर्षी सुईणीचं पत्र आलं. तिकडच्या नदीवर संस्थेचा बोटीतला दवाखाना होता. त्याचं इंजिन बंद पडलं. पाच आठवड्यांत पूर येणार, काठची वस्ती तुटणार, आणि दिवस भरत आलेल्या एकोणीस बायांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला दुसरं काही नव्हतं.

साहेबांनी गुळगुळीत कागदावर विनंतीपत्र छापलं आणि साडेतीनशे जुन्या स्वयंसेवकांना धाडलं. उत्तरं आली अकरा. त्यातली सात 'पत्ता बदलला' म्हणून परत आलेली.

मावशी न बोलावता वर गेली. "साहेब, 'प्रिय हितचिंतक' म्हणजे हो कोण?"

"मावशी, तुम्ही बूट सांभाळा."

"तेच करते. एक फोन तेवढा खाली द्या."

पहिला फोन तिनं एका सर्व्हेवाल्याला लावला. "काय रे, नऊ वर्षं झाली, तुझा टॉर्च आला नाही अजून."

पलीकडे खो खो हसू. "मावशी! जिवंत आहात? अहो, तो सुईणीला दिला ना!"

"ठाऊक आहे. त्याच्याच उजेडात ती अजून नाळ कापते. बाई बरी आहे, बोट आजारी आहे."

पैसे द्या असं ती म्हणायची नाही. समोरचा विचारीपर्यंत बोटीची तब्येत सांगत बसायची. घरी मुलगा म्हणाला, "आई, वसुलीवाली झालीस की गं!" ती म्हणाली, "आधी तू माझी छत्री आण."

बारा दिवसांत इंजिनापुरते पैसे जमले. नुसते पैसे नाहीत; दोन जुने सोबती तर तिच्या फोनमुळे पुन्हा एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले. पण कारखाना म्हणाला, नवं इंजिन तीन महिन्यांनी. झालं मुसळ केरात! आता जुनंच दुरुस्त करायला हवं, आणि त्या इंजिनाची नस न् नस माहीत असलेला माणूस एकच. ज्यानं ते बसवलं, तो मिस्त्री. अकरा वर्षं तो संस्थेची पत्रं न फोडता परत पाठवत होता.

त्याला मात्र मावशीनं फोन केला नाही. बसनं त्याच्या गॅरेजवर गेली. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, तिला बघून पुन्हा आत सरकला.

"तुमच्या साहेबांना सांगा, मी मेलो," तो आतूनच म्हणाला. "तिकडे पार्सलनं दोन्ही डावे बूट पाठवले होते मला. आठ महिने तसाच चाललो, नखं गेली. तक्रार केली तर उत्तर काय? 'कृपया नीट तपासून पाहावे.' दोन पायांत तपासायचं काय असतं?"

मावशी टायरावर बसली. "साहेबांची चूक नाही रे. दोन जोड्यांतल्या एकेका बुटाची अदलाबदल मी केली. तुझं पत्र आलं तेव्हाच समजलं. घाबरले, नोकरी जाईल म्हणून. साहेबांना म्हटलं, माझ्याकडून चूक होत नाही."

गाडीखाली पाना थांबला.

"अकरा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतोय."

"माझ्याकडे वळव. मी त्यासाठीच आलेय. साहेबांनाही सकाळी सांगून आलेय."

मिस्त्री बाहेर आला. हात पुसत त्यानं विचारलं, "आणि दोन उजवे कुणाला गेले?"

"एक शिक्षिका होती. ती दोन वर्षं काही बोललीच नाही. परत आल्यावर म्हणाली, मला वाटलं फुकटचे बूट असेच असतात."

मिस्त्रीला हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यानं तोंड फिरवलं. "माफबिफ काही केलेलं नाही हां मावशी."

"नको करूस. बोट बघ."

"आवाज कसा येत होता? धूर काळा की पांढरा?"

मावशीनं सुईणीचं पत्र उघडून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि गॅरेज आठ दिवस बंद राहील अशी पाटी रंगवायला घेतली. जमलेल्या पैशांतून सुटे भाग आणि तिकीट आलं. बूट त्यानं स्वतःचे नेले.

नदी फुगायच्या चार दिवस आधी इंजिन सुरू झालं. पहिल्याच फेरीत बोटीत चढली सात माणसं, उतरली आठ. सुईणीनं तसंच कळवलं.

साहेब म्हणाले, "मावशी, तवा तापलाय. सगळ्यांना ही बातमी कळवाल, तेव्हा त्याच फोनमध्ये पुढच्या वर्षीच्या देणगीचं विचारून घ्या."

"आज फक्त सांगायचंय," मावशी म्हणाली, आणि सर्व्हेवाल्यापासून सुरुवात केली. "अरे, मुलगी झाली!" सगळ्यांना सांगून व्हायला तिला चार दिवस लागले, कारण फोन लवकर ठेवायला कुणी तयारच नव्हतं.