फुलाआधी नाव नाही

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीभाताचा डबा उघडत होते. नंबर गोविंदराव काकांचा, आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा. "मी त्यांचा मुलगा. कोइंबतूरहून आलोंय," तो तमिळ वळणाच्या मराठीत अडखळत म्हणाला. "अप्पा मंगळवारी गेले. झोपेतच. सगळं आटोपलं... फोनमध्ये तुमचं नांव वरतीच होतं, म्हणून." मी डबा तसाच बंद केला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला? माझ्या ओळखीतल्या कुणालाच काका ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या ओळखीतल्या कुणालाही मी.

आमची गाठ वेलचेरीच्या शेअर ऑटोत पडली. चेन्नईत येऊन मला सहा महिने झाले होते. फोनवर आईशी बोलत होते, तर शेजारचे वृद्ध गृहस्थ फोन ठेवेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "कुठली गं तूं?" मी इस्लामपूरची, हे ऐकून त्यांना कोण आनंद झाला! स्वतः कधी महाराष्ट्रात गेले नव्हते. घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं, आयुष्य नुंगंबाक्कमच्या एका शाळेत शास्त्र शिकवण्यात गेलेलं. "मी रानांत चाललों आहें. येतेस?" असं त्यांनी सहज विचारलं, आणि रविवारी माझ्याकडे करण्यासारखं काहीच नसल्यामुळे मी गेले.

रान म्हणजे मेडवाक्कमच्या पुढे, टेकाडाखाली उरलेला काटेरी झुडपांचा एक तुकडा. पलीकडे अपार्टमेंटांच्या रांगा. तिथे एका झुडपावर चढलेल्या बारीक वेलीशी काका थांबले. समोरासमोर पानं, देठ मोडला तर दुधासारखा चीक. "ही नन्नारी असेल," ते म्हणाले, "नसेलही." ज्याचं सरबत इथे उन्हाळ्यात गल्लोगल्ली मिळतं तीच नन्नारी, आपलं अनंतमूळ. तिच्यासारखीच दिसणारी आणखी एक वेल असते, तिलाही असाच चीक. नन्नारीच्या पानावर शिरांच्या कडेने पांढरट रेघा असतात, पण पानं जुनी झाली की त्या पुसट होतात, आणि या वेलीवर त्या आहेत की नाहीत यावरच आमचं एकमत होईना.

"मूळ हुंगलं की कळेल ना?" मी मोबाइलवर वाचून विचारलं.

"कळेल. पण त्यासाठीं उपटावी लागेल," काका म्हणाले. मग हातातलं पान सोडून देत, "आणि मला वासही येत नाहीं गं आतां. कोविडनं त्या वर्षी माझ्या बायकोला नेलं, माझा वास नेला. रसम उकळलेलं डोळ्यांनी बघून कळतं." हे ते अगदी साधेपणाने बोलले. "फूल येऊं दे. तोंवर नांव नाहीं," ते म्हणाले. नन्नारीचं फूल पानाच्या बगलेत दडलेलं, बाहेरून हिरवट, आत जांभळं. दुसरीचं पांढरं, पाकळ्यांना पीळ पडलेला, शेंड्याकडे झुपक्यांनी येणारं. एवढं त्यांनी समजावून सांगितलं, आणि मग आम्ही जवळजवळ वर्षभर दर रविवारी जात राहिलो. मी कधी घाईने नाव घेतलं तर ते फक्त "कशावरून?" एवढंच विचारायचे. बरोबर असलं तरी.

मग माझ्या प्रोजेक्टचं रिलीज आलं. एक रविवार चुकला, दुसरा चुकला. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "उद्यां ये की. एक दाखवायचं आहें."

"काय, काका?"

"आलीस की बघशील."

"पुढच्या रविवारी नक्की येते. या वेळी खरंच जमत नाहीये."

"सरि, सरि... बरं," ते म्हणाले. त्या आवाजात रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं...

मंगळवारी ते गेले, आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी गेले. मुलगा कपाट आवरत होता. त्याने एक वही दिली. मी उघडली, तर सगळं तमिळ अक्षरांत. "वाचतों," तो म्हणाला. "मराठीच आहें. आम्हांला ही लिपी येते, तुमची येत नाहीं." तमिळ अक्षरांतली मराठी तो एकेक शब्द लावत वाचू लागला. शेवटची नोंद मी चुकवलेल्या दुसऱ्या रविवारची होती. "फूल आलें. नांव लिहीत नाहीं. पोर बघून सांगेल." खाली एक ओळ रिकामी सोडलेली होती.

मी तशीच निघाले. मेडवाक्कमच्या पुढे उतरून एकटी आत शिरले. मधल्या पावसाने वेल माजली होती, फुलं गळून गेली होती. पानाआड पान उलटत अर्धा तास गेला. मग एका बगलेत, मिरीएवढं, एकच उरलेलं दिसलं. बाहेरून हिरवट. बोटाने हळूच पाकळी बाजूला केली... आत जांभळं. मागे कुणीच नव्हतं, तरी मी मोठ्याने म्हणाले, "काका, नन्नारी." माझाच आवाज मला परका वाटला. काट्यांत उभ्याउभ्याच मला रडू आलं.

दुपारी परत नुंगंबाक्कमला गेले. रिकाम्या ओळीवर देवनागरीत लिहिलं: अनंतमूळ, नन्नारी. मुलाने वही हातात घेऊन त्या अक्षरांकडे पाहिलं. "काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं.

"कशावरून?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला पहिल्यापासून सांगू लागले.