सपाट झालेला उतार

फोन आला तेव्हा मी करमाडला भावकीच्या पंगतीत तिसरी जिलेबी उचलत होतो. "मामा, आई गेली..." भाची एवढंच म्हणाली. जिलेबी तशीच हातात राहिली.

अक्का, माझी थोरली बहीण, कॉलेजात गणित शिकवायची आणि मी तिचा सगळ्यात ढ विद्यार्थी. बारावीत एका वक्राचा खालचा बिंदू काढायचा होता. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उतार, काढला, शून्य धरला, दोन उत्तरं आली. त्यातला लहान आकडा मी बेधडक ठोकून दिला. अक्कानं कपाळाला हात लावला. "बाळ्या, दौलताबादच्या बुरजावर जाऊन बसलास न् म्हणतोस विहिरीत उतरलो! उतार माथ्यावरबी शून्य न् तळालाबी शून्य. पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढ. धन आलं तर तळ."

"न् शून्यच आलं तर?"

"तर घाई नाय करायची. दोन्ही बाजूंनी बघायचं. कधी उतार घटकाभर सपाट होतो न् परत खालीच जातो."

हेच गणित तिनं अंगणातल्या वरून उघड्या पाण्याच्या टाकीलाही लावलं. आमच्याकडे नळ येणार आठवड्यातून एकदा. पाणी तेवढंच मावावं, पत्रा मात्र कमीत कमी लागावा, म्हणून तिनं चौरस तळ आणि रुंदीच्या निम्मी उंची काढली. पत्रा कापणारे रहीमभाई म्हणाले, "मॅडम, ये टाकी है के परात?" तिनं उभ्या टाकीला पत्रा किती जास्त लागतो ते मोजून दाखवलं. पुढं ते गिऱ्हाइकांना तशीच टाकी सुचवायला लागले.

गेल्या महिन्यात दवाखान्यात अक्का रोज थोडी थोडी उतरत होती. मग दोन दिवस बीपी, ऑक्सिजन, सगळे आकडे तिथंच थांबले. मी शहाण्यानं नातेवाइकांना फोन लावले, "तळ लागला, आता इथून वरच!" आणि करमाडला निघालो. तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं... "जा. नीट जेवून ये."

माझी एकही चूक तिच्या नजरेतून कधी सुटली नव्हती. ही तेवढी तिनं दुरुस्त केली नाही.

काल नळ आला. पाणी काठाला लागलं की अक्का आतून ओरडायची, "बाळ्या, लई झालं, बंद कर!" मी तोटीवर हात ठेवून उभा राहिलो... पाणी सांडून पायांवरून वाहत गेलं, तरी उभाच होतो.