जाऊबाईंच्या गाठीचे पापुद्रे

प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्रा म्हणत. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा यंत्रावर चढवायचा, चाक फिरवायचं आणि कांद्याच्या सालीहून पातळ काप काढायचे, हे तिचं काम. हाताला अशी सवय, की घरी काकडीसुद्धा आरपार दिसेल अशी चिरायची. थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, "अगं, खायची आहे ती, तपासायची नाही!"

त्याच जाऊबाईंच्या छातीतला कर्करोग आता गळ्यापाशी येऊन बसला होता. केमोथेरपीने केस गेले, चव गेली, गाठ मात्र ढिम्म. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसरं औषध आहे. ते पेशीतला डीएनए तोडतं. बऱ्याच पेशी तो पुन्हा सांधून घेतात. पण गाठीतल्या पेशींचं सांधणारं जनुकच बिघडलेलं असेल, तर त्यांना ते जमत नाही, त्या मरतात. तेवढा बिघाड आहे का, बघू या."

"म्हणजे बिघाड निघू दे म्हणायचं? काय दिवस आले गं बाई!" जाऊबाई धाकटीकडे वळल्या. "तूच काप. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

आधी काढून ठेवलेला तुकडा एवढासा, त्यातलाही बराचसा पहिल्या तपासणीत संपलेला. गाठ रक्तवाहिनीला टेकलेली, त्यामुळे पुन्हा सुई घालून नवा काढायची सोय नव्हती. पापुद्र्याने नवं पातं लावलं, यंत्र पुसून लख्ख केलं. सुरुवात झकास झाली. मग मेण मऊ पडलं म्हणून सवयीने तिने तुकडा काढून बर्फावर ठेवला. इतका लहान तुकडा मध्येच काढायचा नसतो. परत बसवताना तो कणभर तिरका बसतो. तसाच बसला. चाक फिरलं आणि उरलासुरला भाग जाडसर, फाटकी गुंडाळी होऊन खाली पडला. आता यंत्रावर नुसतं मेण होतं.

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. सपाट काप लागतो तो काचेवर बघायला. जनुक तपासायला कुठे लागतो? फाटली काय नि गुंडाळली काय, पेशी त्यातच! श्वास रोखून तिने चिमट्याने गुंडाळी उचलली, नळीत घातली आणि प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळं सांगून टाकलं.

"पाठवू या. पुरेल की नाही, देव जाणे," साहेब म्हणाले.

अहवाल आला तशी ती घराचा जिना धावतच चढली. "ताई, बिघडलंय! चांगलं बिघडलंय!" शेजारीण फडकं घेऊन धावली, तिला वाटलं, नळ फुटला.

नवं औषध सुरू झालं. दुसऱ्या सलाईननंतर एका सकाळी जाऊबाईंनी तिचा हात धरून स्वतःच्या गळ्याशी नेला. ती चाचपत राहिली. वर, खाली, पुन्हा वर.

"काय गं, सापडत नाही?"

"नाही हो, ताई."

"मलाही उठल्यापासून सापडत नाहीये." जाऊबाईंचा आवाज चिरकला. "एवढ्यात कुणाला हाक मारू नकोस. आधी तू पुन्हा बघ."