त्या दगडावरून चार पावलं मागे

श्रीमती प्रमिलाताई तायडे यांची आणि माझी पहिली भेट अकोल्याच्या जठारपेठेत, माझ्या वडिलांच्या फोटो स्टुडिओत झाली. वडील आजारी असल्यामुळे मी नुकतीच काउंटरवर बसू लागले होते. ताई तेव्हा तेल्हाऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवत. त्या तीन रोल धुवायला देऊन गेल्या. धुऊन पाहिले, तर सगळीकडे डोंगरच डोंगर. माणूस औषधालाही नाही!

"बाई, यात कोणीच नाही हो," मी म्हणाले.

"मानसाईचे फोटो काढाले तू हायेस ना? डोंगराचा कोन काढते?" ताई म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी मला सोबत घेऊन गेल्या. मला उंचीची भीती वाटते, हे मी त्यांना सांगितलं होतं. "मंग डोये मिटून चाल, मी हात धरतो," एवढंच त्यांचं उत्तर. घाटातली ती पायवाट मी खरोखर त्यांचा हात धरून चढले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी भीती गेलेली नाही. हा लेखसुद्धा मी भीतभीतच लिहिते आहे. का, ते पुढे येईल.

ताईंचं काम थोडक्यात सांगायचं तर असं. चिखलदऱ्याच्या बाजूला, एका कड्याच्या टोकाशी एक मोठा दगड पुढे आलेला आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, हवा स्वच्छ झाली की ताई त्या दगडावर उभ्या राहतात आणि समोरच्या डोंगराचा एक फोटो काढतात; सोबत आम्ही त्यांचे चार-पाच जण असतो. जागा तीच, वेळ तीच, चौकट तीच. एकही वर्ष चुकलेलं नाही. हे सगळे फोटो ओळीने मांडले, की डोंगराचं अख्खं चरित्र समोर येतं. कुठलं सालईचं झाड वठलं, दरड कुठे कोसळली, रानकेळी कुठून कुठे सरकल्या. कड्यावर गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ असत, ते दर वर्षी कमी कमी होत गेले. "गिधाडं कमी झाली" असं पुष्कळ जण म्हणतात. ताईंनी ते दाखवलं.

कामाची रीतही त्यांची स्वतःची. चौकटीत फांदी आली तर ती तोडायची नाही, सुतळीने बाजूला बांधायची आणि फोटो झाला की आठवणीने सोडायची. एकदा मी सुतळी सोडायची विसरले. निम्मा घाट उतरल्यावर ताईंनी विचारलं, आणि सोबतच्या एकाचा हात धरायला लावून मला पुन्हा वर चढवलं! त्या खाली एका झाडाखाली बसून राहिल्या. परत आले तेव्हा डब्यातली शेवटची भाकरी त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. आधी रागावणं आणि मग जेवू घालणं, हा क्रम त्यांच्याकडे कधी चुकत नाही.

आता भीतीचं सांगते.

ताई दगडावर उभ्या असताना मी दर वर्षी बाजूच्या वाटेवरून त्यांचा एक फोटो काढते. गेल्या दिवाळीच्या सुमारास, ताईंच्या या गौरवग्रंथासाठी म्हणून ते सारे फोटो मी टेबलावर ओळीने लावले. ताईंचे केस पांढरे होत गेलेले पाहून हसूही आलं. आणि मग नजर खाली, त्यांच्या पायाखालच्या दगडावर गेली. दगड जिथे कड्याला जोडलेला आहे, तिथे जुन्या फोटोत एक बारीक रेघ होती. पुढे तिच्यात गवत उगवलं. शेवटच्या फोटोत त्या भेगेतून पलीकडचा उजेड दिसत होता. इतकी वर्षं आम्ही सगळे समोरचा डोंगर डोळ्यांत तेल घालून पाहत होतो, आणि आपण कशावर उभे आहोत हे मेलं कोणीच पाहिलं नव्हतं!

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ताईंचं एवढं काम आपल्या एका वाक्याने तुटेल, या भीतीने मी गप्प बसले. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी आम्ही सगळे जीपने निघालो. कड्याशी पोहोचल्यावर ताई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "तुमी समदे खालीच राहा," आणि दगडावर चढल्या. भेगेतून एक खडा सुटला. तो पडल्याचा आवाज मला शेवटपर्यंत आला नाही. मी किंचाळले, "ताई, उतरा! आधी उतरा!"

ताईंनी शांतपणे फोटो काढला आणि उतरल्या. टेबलावरचे ते फोटो मी मोबाईलवर घेतले होते, ते दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले.

"हे मले ठाव हाये. दोन दिवाळ्या झाल्या."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पूर्वी आम्ही पाळीपाळीने दगडावर त्यांच्याजवळ उभे राहत असू, मीसुद्धा, त्यांचा हात घट्ट धरून. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते एकाएकी बंद केलं. "तुमी हालता, फोटो खराब होते," म्हणाल्या. मी तेव्हा चांगले दोन महिने रुसले होते.

"आन् तुमचं काय?" मी ओरडलेच. वयाचा, मानाचा काही विचार राहिला नाही.

"मी सरकलो का पयलेच्या फोटोईशी मेळ बसत नाई, सुनंदा. मंग समदं वाया जाते."

ताई, आज सगळ्यांदेखत तुमच्याशी भांडते, क्षमा असावी. गेल्या महिन्यात मी तिथे एकटी जाऊन आले. हात धरायला कोणी नव्हतं, वाटेत दोनदा रडले. दगडापासून चार पावलं मागे, पक्क्या जमिनीवर उभी राहून मी समोरच्या डोंगराचा फोटो काढला. तो याच लेखाशेजारी छापला आहे. दरी थोडी कमी आली, मान्य. मेळ बसत नाही, तेही मान्य. पण सालई दिसते, कडा दिसतो, उरलेले पांढरे ओघळही मोजता येतात.

अमृतमहोत्सवानिमित्त सगळे तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य चिंतितील. माझी तेवढी छाती नाही. मी फक्त या दिवाळीनंतरचा रविवार मागते. त्या दिवशी चार पावलं मागे उभ्या राहा, आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच.